पोटखराबा आणि गौण खनिज

रत्नागिरी हे नाव ऐकून परमुलखातला मनुष्य सहजच विचारतो, की तुमच्या डोंगरात रत्ने कोठे आहेत? या प्रश्नाला हसून उत्तर देण्याची आम्हां रत्नागिरीकरांस सवय झाली आहे. दैवाचा विनोद असा, की ज्याच्या राज्यात खरोखरीच माणकांच्या खाणी होत्या, त्या ब्रह्मदेशच्या थिबा राजास इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी आणून ठेवले ते नेमके रत्नागिरीस. १९१० साली त्याच्यासाठी येथे राजवाडा उभा राहिला आणि १९१६ साली तो येथेच वारला. मोगोकच्या माणकांचा धनी आयुष्याच्या अखेरीस जांभ्याच्या भिंतींआड राहिला. ही हकीकत सांगताना आमचे लोक जो सुस्कारा सोडतात, त्यात राजाविषयी जितकी कीव असते तितकीच जांभ्याविषयी तुच्छता असते. माणिक ते माणिक आणि चिरा तो चिरा, असा एकंदर भाव!

ही तुच्छता केवळ बोलण्यापुरती असती, तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ती सरकारी दप्तरात दोन शब्दांचे रूप घेऊन बसली आहे. पहिला शब्द ‘पोटखराबा’. सात-बाराच्या उताऱ्यावर लागवडीस अयोग्य ठरलेल्या जमिनीची नोंद होते ती या नावाने. आणि आमचे सडे, आमचे कातळ बव्हंशी याच नोंदीत पडतात. दुसरा शब्द ‘गौण खनिज’. खाणी व खनिजे यांविषयीच्या १९५७ च्या केंद्रीय कायद्याने बांधकामाचा दगड, रेव, साधी माती, साधी रेती यांस गौण ठरवून त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे दिला. पुढे १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने आणखी ३१ खनिजे या वर्गात लोटली. त्यांत जांभा आहे. मौज अशी, की ज्याची निर्मळ लाल जात म्हणजे माणिक, तो कुरुंदही त्याच यादीत आहे. थिबा राजाच्या रत्नाचा पाषाण आणि त्याच्या वाड्याचा चिरा हे दोघे कायद्याच्या पंक्तीस अखेर शेजारी शेजारी बसले!

वरून पाहावे तर पोटखराबा, आत खणावे तर गौण. मग अशा जमिनीस भोक पाडले काय आणि ते तसेच टाकून दिले काय, विचारतो कोण? आमचे म्हणणे असे, की हे दोन्ही शब्द वस्तुस्थितीस धरून नाहीत. आणि ज्या अज्ञानातून ते निघाले, त्या अज्ञानाचे मानकरी केवळ सरकारी कारकून नसून आम्ही शिकलेले लोकही आहोत.

गेल्या उन्हाळ्यात काही विद्यार्थ्यांसह आम्ही रत्नागिरी तालुक्यात समुद्राकाठच्या एका सड्यावर सोडून दिलेली चिऱ्याची खाण पाहावयास गेलो. खाण कसली, आयताकृती विस्तीर्ण खड्डा. भिंतींवर यंत्राच्या पात्याचे सरळ ओरखडे, तळाशी लाल भुकटीचा चिखल वाळून त्याच्या पडलेल्या खपल्या, एका कोपऱ्यात गावाने आणून टाकलेला कचरा. पलीकडे समुद्र चमकत होता. गुरे घेऊन आलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे काही वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “दगड सरला, त्याच्यामागनं खालचा झराही सरला. आता इथे बघायचं काय, मास्तर?” या एका वाक्यात आमच्या लेखाचा अर्धा विषय आला आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी त्या भिंतीत काय दिसते ते सांगणे प्राप्त आहे.

भिंतीचा माथा काळपट, कठीण. त्याखाली तांबडा जांभा, पोळ्यासारखा सच्छिद्र. त्या छिद्रांत कोठे पिवळी, कोठे फिकट माती भरलेली. जसजसे खाली जावे तसतसा दगड मऊ होत जातो आणि अखेर पांढरट-गुलाबी चिकण माती लागते. त्याहीखाली, खाणवाल्याचे पाते जेथवर पोहोचत नाही तेथे, मूळचा काळा कातळ म्हणजे काळवत्री. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा हा दगड. त्यात निम्म्याच्या आसपास सिलिका, शिवाय लोह, ॲल्युमिनियम, चुना, मॅग्नेशियम आणि थोडा सोडा. कोकणच्या उष्ण, ओल्या हवेत लक्षावधी वर्षे पावसाचे पाणी या दगडात मुरत राहिले. पाण्याने सिलिका विरघळवून नेली. चुना, मॅग्नेशियम, सोडा यांचीही तीच गत झाली. जे पाण्यास हटले नाही ते मागे राहिले, म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम. या उरलेल्या ऐवजाचे नाव जांभा.

त्या लाल रंगाचे खनिज हेमाटाइट. आमच्या वाचक भगिनी ज्या गेरूने तुळशीवृंदावन सारवीत आल्या, त्या गेरूचा रंग याच खनिजाचा. पिवळ्या-तपकिरी रंगाचे खनिज गोएथाइट, रामरजेच्या पिवळेपणाचा धनी तोच. पांढुरक्या कणांत गिब्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज. तळच्या मऊ मातीत केओलिनाइट, ज्या जातीच्या मातीपासून चिनी लोकांनी आपली जगप्रसिद्ध भांडी केली. यांतील गोएथाइट या नावाशी क्षणभर थांबावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. हे नाव १८०६ साली जर्मन महाकवी गटे याच्या सन्मानार्थ ठेवण्यात आले. गटे हा नुसता कवी नव्हता. वायमारच्या दरबारात तो खाणींचा कारभार पाहत असे आणि दगडांचा संग्रह करीत असे. कालिदासाचे शाकुंतल वाचून गटे हर्षभरित झाला, ही गोष्ट आम्ही तीन पिढ्या अभिमानाने सांगत आलो. त्याच गट्याचे नाव लागलेले खनिज आमच्या घराच्या भिंतीत, परसदारच्या विहिरीत, पायाखालच्या पायरीत बसले आहे, हे मात्र आम्हांपैकी किती जणांस ठाऊक होते? शाकुंतलावरील गट्याच्या स्तुतीने ज्यांची छाती फुगते, त्यांनी गट्याचे दुसरे अर्धे अंग कधी पाहिलेच नाही. त्याने काव्य आणि पाषाण यांत सोवळेओवळे मानले नव्हते, आम्ही मानले.

आता ‘गौण’ या शब्दाची परीक्षा करू. काळवत्रीतून निघालेली तीन भावंडे घ्या. पहिले भावंड इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचे काळे, जड, चिवट खनिज. ते पावसात विरघळत नाही. दगड झिजला की ओढ्या-नद्यांवाटे समुद्रास मिळते आणि लाटा त्याची निवड करून किनाऱ्यावर पसरून ठेवतात. काळबादेवी, नेवरे, मालगुंड येथल्या किनाऱ्यांवरची काळी रेती ती हीच. दुसरे भावंड बॉक्साइट. जांभ्यातच जेथे ॲल्युमिनियमचा अंश फार वाढला, तेथे त्याचे हे नाव झाले. दापोली-मंडणगडाच्या बाजूस ते सापडते. तिसरा आमचा साधा जांभा. आई एक, बाप एक. परंतु कायद्याने किनाऱ्याच्या रेतीतील जड खनिजांस अणुखनिजांच्या परिशिष्टात नेऊन बसविले, बॉक्साइटास प्रमुख खनिजाचा मान दिला आणि जांभ्यास गौण म्हणून दारात उभे केले. हा भेद निसर्गाने केलेला नाही. ज्याची कारखान्यात किंमत येते ते प्रमुख, आणि ज्यावर गरीब-श्रीमंतांची घरे उभी राहतात ते गौण, असा हा बाजाराचा न्याय आहे. बाजाराने बाजारापुरता तो चालवावा. त्यास भूमीचे शास्त्र समजण्याची चूक आम्ही करू नये.

आणि या न्यायात सर्वांत मोठी गफलत झाली आहे ती पाण्याची. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे उजाडला की वाड्यावाड्यांतून टँकरची वाट पाहिली जाते. परगावच्या पाहुण्यास याचे नवल वाटते. परंतु खाणीच्या भिंतीपुढे अर्धा तास उभे राहिल्यास नवल उरत नाही. वरचा जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो. खालची चिकण माती पाणी पुढे जाऊ देत नाही. म्हणून पावसाचे पाणी जांभ्यात साठते, त्या दोहोंच्या सांध्यावरून हळूहळू सरकते आणि सड्याच्या उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. या झऱ्यांच्या आधारानेच आमच्या पूर्वजांनी वाड्या वसविल्या, विहिरी खोदल्या, बागा शिंपल्या. सडा हा त्या वाडीचा रांजण आहे. चिऱ्याची खाण म्हणजे त्या रांजणाचेच कापून केलेले तुकडे. एक लहान खाण झाली तर रांजणास टवका उडतो. एकाला लागून एक अशा दहा झाल्या आणि पाते थेट मातीच्या थरास भिडले, की रांजणच राहत नाही. सरकारदरबारी खाणीचा हिशेब ब्रासने होतो. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. किती ब्रास दगड गेला हे वहीत लिहिले जाते. किती पाणी गेले यासाठी त्या वहीत रकानाच नाही. त्या वृद्ध गृहस्थांनी एका वाक्यात जो जमाखर्च मांडला, तो मांडण्याची सोय आमच्या दप्तरात नाही, हे लाजिरवाणे आहे.

आता ‘पोटखराबा’ पाहा. जेथे नांगर चालत नाही ती जमीन खराब, ही कल्पना देशावरच्या काळ्या मातीत जन्मली असावी. कोकणात ती मुळातच लंगडी पडते. ज्या हापूस आंब्याच्या पेट्यांवर रत्नागिरीचे नाव जगभर फिरते, त्याची कितीतरी कलमे कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती आणून लावलेली आहेत. तोच सडा पावसाळ्यात गवताने व इवल्या रानफुलांनी भरून जातो आणि गावची गुरे त्यावर चरतात. दिपकाडीचे पांढरे फूल येथल्या कातळावर पहिल्या पावसानंतर उमलते. त्या जातीचे घर म्हणजे हा कोकणचा कातळच. आणि माणसाची गोष्ट काढाल, तर याच सड्यांवर कोण्या प्राचीन मानवाने हत्ती, वाघ, मासे, पक्षी आणि गूढ आकृती कोरून ठेवल्या आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. देवाचे गोठणे येथे कोरीव आकृतीपाशी होकायंत्र ठेवले तर त्याची सुई बहकते. रत्नागिरीच्या काही हौशी अभ्यासकांनी वर्षानुवर्षे पायपीट करून ही कातळशिल्पे उजेडात आणली आणि २०२२ साली महाराष्ट्र-गोव्यातील अशा ९ स्थळांस युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले. ज्या पृष्ठभागावर ही शिल्पे आहेत, चिऱ्याचे पाते प्रथम चालते ते त्याच पृष्ठभागावर. सात-बारात मात्र तो पोटखराबाच!

आमच्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातील, ते आम्ही जाणतो. पहिला असा, की घरे बांधावयाची कशाने? चिरा नको म्हणणारे प्राध्यापक स्वतः चिऱ्याच्याच घरात राहतात! आक्षेप खरा आहे. आम्ही चिऱ्याच्याच घरात राहतो आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. जांभा कापताना मऊ असतो आणि हवेवर कठीण होतो. त्यास भट्टी नको, सरपण नको, सिमेंटच्या ठोकळ्याइतका कोळसा नको. असे बांधकामाचे साहित्य देणाऱ्या भूमीस आम्ही नावे ठेवणार नाही, आणि चिऱ्याच्या खाणी अजिबात बंद करा असेही आम्ही म्हणत नाही. खाणीवर राबणाऱ्या, दूरदूरच्या मुलखांतून पोटासाठी आलेल्या मजुरांचा रोजगार आम्हांस मोलाचा वाटतो. आमचा वाद कापण्याशी नसून कापून टाकून देण्याशी आहे. शेतकरी धान्य काढून घेतो, पण शेत टाकून पळून जात नाही.

दुसरा आक्षेप असा, की कायदे आहेत, नियम आहेत; तुम्हांस ठाऊक नाहीत एवढेच. आहेत खरे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा राज्याच्या एका खटल्यात स्पष्ट केले, की गौण खनिजाची खाण ५ हेक्टरांहून लहान असली तरी तीस पर्यावरणाची परवानगी हवी. महाराष्ट्र सरकारने २०१३ साली गौण खनिजांचे नवे नियम केले. परंतु त्या खड्ड्याच्या काठाशी उभे राहिल्यावर कोणत्या नियमाची खूण दिसते? कुंपण नाही, वरची माती परत पसरलेली नाही, झाड नाही, फलक नाही. शब्दात जो ‘गौण’ ठरला, त्याचा नियमही व्यवहारात गौण होतो, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणूनच आम्ही आधी शब्दावर हल्ला करीत आहोत.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर आहे. खड्ड्यात पावसाचे पाणी साचते, म्हणजे आयतेच तळे झाले, असे म्हणतात. तळे आणि डबके यांत भेद आहे. पात्याखालून निघालेली बारीक भुकटी तळाशी बसून त्याची भोके बुजविते. पाणी मुरत नाही, उन्हात आटते, आणि आटेपर्यंत डास पोसते. पोहावयास उतरलेली पोरे अशा खड्ड्यांत बुडाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. तळ साफ करून, उतार देऊन, काठ बांधून कोणी खरोखर तळे केले, तर आम्ही त्याचा जाहीर सत्कार करू. परंतु दुर्लक्षास योजना म्हणण्याची मुभा आम्ही कोणासही देणार नाही.

येथवर आम्ही सरकारास आणि खाणवाल्यांस बोललो. आता आमच्याच वर्गास चार शब्द. जांभ्यास शास्त्रात नाव मिळाले ते १८०७ साली. स्कॉटलंडचा डॉक्टर फ्रान्सिस ब्यूकॅनन १८०० साली मलबारात फिरत असता अंगाडिपुरम येथे त्याने लोकांस हा मऊ दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि विटेच्या लॅटिन नावावरून त्यास ‘लॅटेराइट’ म्हटले. आज ते स्थळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेले आहे. एक परका मनुष्य प्रवासात क्षणभर थांबला, म्हणून तेथे स्मारक झाले. आम्ही तर पिढ्यान्पिढ्या याच दगडावर जन्मलो, वाढलो, शिकलो. मग आमच्या जिल्ह्यात एखादी खाण मुलांस दाखविण्यासाठी राखून ठेवावी, असे आम्हांस का सुचले नाही? कारण आमच्या लेखी शिक्षण म्हणजे दूरच्या वस्तूची माहिती. आम्ही स्वतः तीस वर्षे वर्गात इंग्रज कवींचे निसर्गप्रेम शिकविले. वर्गाच्या भिंतीतला चिरा कशाचा आहे, हे कोणा विद्यार्थ्याने विचारले नाही, आणि कोणी विचारले असते तर आम्हांस सांगता आले नसते. हा दोष आम्ही आमच्याच पदरी घेतो. मुंबई-पुण्यास स्थायिक झालेले आमचे बांधव मोठ्या प्रकल्पांविषयी सभांत तावातावाने बोलतात, ते बोलोत. परंतु त्यांच्याच वडिलार्जित सड्यावर खाणीचा करार होतो तेव्हा ‘नाहीतरी पोटखराबाच आहे’ असे म्हणून सही करणारा हातही पुष्कळदा त्यांचाच असतो.

म्हणून आमच्या मागण्या थोडक्या आहेत आणि त्यांपैकी एकही अशक्य कोटीतील नाही. चिऱ्याची खाण मातीच्या थरापर्यंत नेऊ नये. दगडाचा काही थर पाण्यासाठी राखून ठेवावा. परवाना देण्यापूर्वी सड्यावर कातळशिल्प आहे काय आणि उतारावर कोणाचा झरा आहे काय, हे प्रत्यक्ष चालून पाहावे. काढलेली वरची माती बाजूस जपून ठेवून खाण सरल्यावर ती परत पसरावी. खाणवाल्याची अनामत हे काम डोळ्यांनी पाहिल्यावाचून परत करू नये. आणि प्रत्येक तालुक्यात टाकून दिलेली एक तरी खाण कचऱ्यापासून वाचवून, कुंपण घालून शाळा-महाविद्यालयांच्या हवाली करावी. तिच्या भिंतीवर प्रत्येक थराचे नाव मराठीत लिहावे. त्यास लागणारा खर्च एखाद्या स्नेहसंमेलनाहून अधिक येणार नाही.

त्या दिवशी परत निघताना एका विद्यार्थिनीने भिंतीतला पिवळा खडा उचलून पिशवीत टाकला. त्या वृद्ध गृहस्थांनी तिला विचारले, “पोरी, ह्याचं काय करणार?” ती म्हणाली, “घरी नेऊन दाखवणार, आजोबा. आमचं घर ह्याचंच आहे.” गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी गुरे वळविली आणि आटलेल्या झऱ्याच्या वाटेने ते खाली उतरले. त्या वाटेवर पाणी पुन्हा केव्हा येईल, हे आम्हांस सांगता येणार नाही. परंतु ज्या दप्तरात त्या झऱ्याची नोंदच नाही, ते दप्तर बदलावयास पाणी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.